शाळेच्या अंगणातून : धाकटे गुरुजी

शाळेतील मुले गावासाठी काय करतात, असे कोणी विचारले की आपल्या डोळ्यांपुढे काही ठराविक चित्रे उभी राहतात. राष्ट्रीय सणाच्या दिवशीची प्रभातफेरी, हाती झाडू घेतलेली मुलांची रांग, पाहुण्यांच्या हस्ते लावलेले रोप आणि त्या रोपाभोवती जमलेला छायाचित्रकारांचा घोळका. ही कामे टाकाऊ आहेत असे म्हणण्याचा हेतू नाही. तथापि पुष्कळ शाळांत दरवर्षी त्याच खड्ड्यात नवे रोप लावले जाते, हे आपण सर्वजण जाणतो. मुलेही जाणतात, आणि त्यांतून ती जे शिकतात ते निश्चितच वनस्पतिशास्त्र नव्हे.

वास्तविक समाजसेवेची खरी कसोटी एवढीच, की सेवा करणाऱ्याजवळ असे काही असावे जे घेणाऱ्याजवळ नाही आणि ज्याची त्याला निकड आहे. चौदा वर्षांच्या मुलाजवळ असे काय असणार? पैसा नाही, अधिकार नाही, अनुभव तर नाहीच. परंतु आपल्या काळाने एक चमत्कारिक उलथापालथ घडवून आणली आहे. हातातला मोबाईल चालवण्याची विद्या मुलाला सहज येते आणि पन्नास वर्षे संसार रेटलेल्या त्याच्या आजीला ती येत नाही. आजीची निवृत्तिवेतनाची रक्कम बँकेत जमा झाल्याचा निरोप त्या यंत्रावर येतो, गॅसच्या टाकीची नोंदणी त्यावर होते, दवाखान्याची वेळ त्यावर मिळते, आणि तिला लुबाडणारा भामटाही त्याच यंत्रातून घरात शिरतो. तेव्हा या घटकेला मुलाजवळ देण्याजोगे काही आहे, हे मान्य करावे लागेल.

ही गोष्ट केरळातील शाळांनी फार चांगली ओळखली. तेथील शिक्षणखात्याची ‘काइट’ नावाची एक संस्था आहे. शाळांतील संगणकशिक्षणाचा भार ती वाहते. २००१ साली ‘आयटी ॲट स्कूल’ या नावाने सुरू झालेल्या योजनेचे २०१७ साली या संस्थेत रूपांतर झाले. २०१८ च्या जानेवारीत या संस्थेने माध्यमिक शाळांतून ‘लिटल काइट्स’ नावाची मुलांची मंडळे सुरू केली. काइट म्हणजे पतंग, तेव्हा ही धाकटी पतंगे म्हणायची! आठवी ते दहावीच्या मुलामुलींना त्यांत प्रवेश मिळतो. आठवीत एक कलचाचणी होते आणि तीतून निवड केली जाते. शाळेतलेच दोन शिक्षक मंडळाला मार्गदर्शन करतात. सरकारी व अनुदानित मिळून दोन हजारांवर शाळांत ही मंडळे काम करीत आहेत. मुले त्यांत सजीव चित्रे तयार करतात, संगणकाला आज्ञावली देतात, मल्याळम लिपीत टंकलेखन करतात, लहानसहान यंत्रे जुळवतात. हे सारे कौतुकास्पद आहेच. पण या स्तंभाला विशेष वाटते ते याच्या पुढच्या पायरीचे. ही मुले शिकली, आणि मग त्यांना शिकवायला बसवले.

२०२२ च्या मे महिन्यात या मंडळांनी आपापल्या शाळांतील विद्यार्थ्यांच्या मातांना मोबाईल व महाजालाचा सुरक्षित उपयोग शिकवण्याचे काम हाती घेतले. संकल्प तीन लाख मातांचा होता. उपक्रमाचे नाव होते ‘अम्मा अरियान’. मल्याळममध्ये याचा अर्थ ‘आईला कळावे म्हणून’. नाव मोठे गोड आहे. आईने मुलाच्या प्रगतिपुस्तकावर सही करावी हा जगाचा रिवाज, येथे मुलगी आईला सांगते आहे की, ‘अम्मा, हा सांकेतिक अंक कोणालाही सांगायचा नसतो, बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्यालासुद्धा नाही.’ परवलीचा शब्द कसा निवडावा, खोटी बातमी कशी ओळखावी, पुढे ढकलण्यापूर्वी क्षणभर का थांबावे, पैशांची फसवणूक कोणकोणत्या वेषांत येते, असे हे पाठ होते. वर्ग शाळेतलाच, बाकेही तीच. फक्त बाकांवर आया बसलेल्या आणि फळ्यापाशी नववीतली मुलगी उभी.

आता कोणी म्हणेल, केरळाचे काय सांगता, तेथे शिक्षणाची परंपराच निराळी! म्हणणे खरे आहे, पण ती परंपरा आभाळातून पडली नाही. १९८९ साली एर्नाकुलम जिल्ह्यात साक्षरतेची जी मोहीम झाली, तिच्यात सुमारे वीस हजार स्वयंसेवक शिकवायला बाहेर पडले होते. त्यांना मोबदला नव्हता. त्यांत तरुण मुले आणि विशेषतः मुली पुष्कळ होत्या. वर्ग भरायचे ते कोणाच्या पडवीत, कोणाच्या अंगणात, रात्री दिव्याच्या उजेडात. मोहीम सुरू झाल्यावर एक साधी अडचण ध्यानात आली : म्हाताऱ्या माणसांना अक्षरे समजत नव्हती असे नाही, ती दिसतच नव्हती. तेव्हा लोकांकडून वापरलेले चष्मे गोळा करण्यात आले आणि हजारो चष्मे शिकणाऱ्यांच्या नाकावर चढले. १९९० च्या ४ फेब्रुवारीस एर्नाकुलम हा देशातील पहिला संपूर्ण साक्षर जिल्हा म्हणून जाहीर झाला. पुढे १९९१ च्या १८ एप्रिलला कोळिकोड येथे साऱ्या राज्याची तशीच घोषणा झाली, आणि ती वाचून दाखवण्याचा मान कोणा मंत्र्याला नव्हे, तर चेलक्कोडन आयेशा या नवसाक्षर स्त्रीला देण्यात आला.

आपल्या मराठी वाचकांना याहून जुनी आठवण देता येईल. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावच्या शाळेतील मास्तर आणि गावातील शिकलेसवरलेले लोक यांनी मिळून प्रौढांना लिहावाचायला शिकवायचे आणि अख्खे गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ करायचा, अशी तिची रीत होती. १९६१ पासून ती महाराष्ट्रभर पसरली. अलीकडचे सांगायचे तर ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातील फांगणे येथे २०१६ च्या महिलादिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारी नेसून, खांद्याला दप्तर अडकवून निघालेल्या त्या आज्यांची छायाचित्रे आपण पाहिली असतील.

या मोहिमांनी एक धडाही मागे ठेवला आहे. ‘संपूर्ण’ हा शब्द घोषणेत शोभतो, व्यवहारात तो जपून वापरावा. अक्षरओळख झालेल्या माणसाच्या हाती वाचायला काही आलेच नाही, तर दोनतीन वर्षांत अक्षरे पुसट होतात. मोबाईलचेही तसेच आहे. एका दुपारी शिकलेले दुसऱ्या आठवड्यात विसरते, कारण यंत्राचा चेहरामोहराही मधून मधून बदलत असतो. कालपर्यंत डावीकडे असलेले बटण आज उजवीकडे! म्हणून वर्ग संपला तरी शिकवणारा जवळपास असावा लागतो, आणि घरातल्या मुलापेक्षा अधिक जवळ कोण असणार?

तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील पुल्लमपारा या ग्रामपंचायतीने हे हेरले. २०२२ च्या सप्टेंबरात ती केरळातील पहिली संपूर्ण डिजिटल साक्षर पंचायत म्हणून जाहीर झाली. तिच्या मोहिमेत विद्यार्थी होते, कुडुंबश्रीच्या स्त्रिया होत्या, गावातले इतर तरुण होते. वर्ग कोठे भरवावेत हा प्रश्न आला तेव्हा त्यांनी शाळेच्या घंटेची वाट पाहिली नाही. रोजगार हमीच्या कामावर, जेवणाच्या सुटीत, झाडाखाली वर्ग भरले. कुदळ खाली ठेवून हात पुसायचे आणि मोबाईल हाती घ्यायचा. हे काम पाहून राज्याने ‘डिजी केरळम’ या नावाने मोहीम सर्वत्र नेली. सुमारे ८३ लाख कुटुंबांची पाहणी झाली, २१ लाखांहून अधिक शिकण्याजोगी माणसे आढळली, आणि त्यांना शिकवून २०२५ च्या २१ ऑगस्टला घोषणा झाली. शिकणाऱ्यांत नव्वदी ओलांडलेले हजारो होते. ‘संपूर्ण’ या शब्दाविषयी वर म्हटले ते येथेही लागू आहेच. पण नव्वदीतल्या आजोबांनी दुबईतल्या मुलाचा चेहरा स्वतःच्या बोटाने पडद्यावर आणला असेल, तर त्या आनंदाला घोषणेची गरज नाही.

कुदळीवरून एक गोष्ट आठवली, ती शिकवणाऱ्या मुलांना ठाऊक असावी. मोबाईलचा पडदा बोटातील सूक्ष्म विद्युत्‌वाहकतेवर चालतो. ज्यांचे हात आयुष्यभर कष्टाने घट्टे पडून राठ झाले आहेत, किंवा वयोमानाने त्वचा कोरडी पडली आहे, त्यांचे बोट त्या पडद्याला नीट कळत नाही. आजी दाबत राहते, काही होत नाही, मग ती जोराने दाबते, मग नको तेच उघडते. नातवाला वाटते आजीला जमत नाही. वस्तुतः दोष आजीच्या बुद्धीचा नसतो. बोट किंचित ओलसर करून पुसावे, बोटाच्या टोकाऐवजी पेर टेकवावे, पडद्यावरील अक्षरे मोठी करून घ्यावीत, आणि दाबून न धरता हलकेच टेकवून उचलावे, एवढ्याने निम्मे रडगाणे थांबते. एर्नाकुलमच्या चष्म्यांची ही आजची बहीण म्हणा ना!

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. आपल्या घरांत हा प्रसंग रोज घडतो. आई विचारते, ‘अरे, हे कसे करायचे?’ आणि चिरंजीव म्हणतात, ‘दे इकडे, मी करून देतो.’ क्षणात काम होते आणि आई होती तेथेच राहते. मुलाला शिकवायचा कंटाळा येतो आणि आईला पुन्हा विचारायचा संकोच वाटतो. शाळेच्या वर्गाचे महत्त्व येथेच आहे. वर्गात मुलगी आपल्या आईला नव्हे, मैत्रिणीच्या आईला शिकवीत असते, त्यामुळे तिच्या जिभेवर आपोआप लगाम राहतो. तीच गोष्ट पाचव्यांदा सांगतानाही ती हसून सांगते. शिकवणाऱ्यासाठी एकच नियम शाळेने घालून द्यावा : मोबाईल शिकणाऱ्याच्या हातातून काढून घ्यायचा नाही. बोट दाखवावे, बोट लावू नये.

आणि पैशांचा विषय निघाला की आणखी एक. समोरच्या माणसाने आपला गुप्त अंक टाकायची वेळ आली की शिकवणाऱ्याने पाठ फिरवावी. मग ती आजी असो, शेजारच्या काकू असोत की शाळेतले शिपाईमामा. ‘आपल्याच मुलापासून काय लपवायचे,’ असे वडीलमंडळी म्हणतील. पण मुलाने पाठ फिरवली की आजीच्या मनावर जे ठसते, ते शंभर सूचनांनी ठसत नाही : हा अंक नातवानेसुद्धा पाहायचा नसतो.

फसवणुकीचे प्रकार रोज बदलतात, त्यांची यादी देण्यात अर्थ नाही. मात्र दोन गोष्टी प्रत्येक घरातील वडीलधाऱ्यांना समजल्याच पाहिजेत. पहिली ही, की यूपीआयवर पैसे मिळवण्यासाठी गुप्त अंक कधीही लागत नाही. तो लागतो केवळ पैसे देताना. ‘तुम्हाला बक्षीस पाठवतो, अंक टाका,’ असे म्हणणारा लुबाडतो आहे, यांत शंकेला जागाच नाही. दुसरी, ‘डिजिटल अटक’ नावाची गोष्ट भारतीय कायद्यात नाही. पोलिसांचा गणवेश घालून पडद्यावर दिसणारा, तुम्हाला खोलीतून हलू न देणारा, घरच्यांशी बोलू नका म्हणणारा मनुष्य पोलीस नव्हे. या युक्तीला सेवानिवृत्त शिक्षक बळी पडले, डॉक्टर बळी पडले, मोठमोठ्या पदांवर राहिलेले लोक बळी पडले. त्यांना मोबाईल चालवता येत नव्हता असे नाही. ती एकटी होती, आणि घाबरली होती. आयुष्यभराची पुंजी जाते तेव्हा पैशाहून मोठे काही गेलेले असते. मनुष्य घरात तोंड दाखवायला लाजतो, सांगत नाही, आणि न सांगितल्यामुळे मदतीची घटका निघून जाते. पहिल्या तासा-दोन तासांत १९३० या क्रमांकावर कळवल्यास रक्कम पुढे जाण्यापूर्वी अडवता येण्याचा संभव पुष्कळ असतो. ज्या घरात नातू आजोबांना न हसता शिकवतो, त्या घरात आजोबा नातवाला लवकर सांगतात. शाळांच्या या उपक्रमाचे मोल या लेखकाच्या मते येथे आहे, किती माता शिकल्या या आकड्यात नाही.

वाढीव गुणांचा मुद्दाही टाळून चालणार नाही. लिटल काइट्सच्या चांगले काम करणाऱ्या सदस्यांना दहावीच्या परीक्षेत वाढीव गुण देण्याची सोय आहे. काही पालकांना हे रुचत नाही. सेवेला गुणांचे आमिष कशाला, असे ते म्हणतात. तर दुसरे पालक नेमके उलट म्हणतात, की दहावीचे वर्ष, आणि मुलगा लोकांच्या आया शिकवत बसला आहे! या दुसऱ्या आक्षेपाला उत्तर सोपे आहे. जो विषय दुसऱ्याला शिकवावा लागतो तो स्वतःला पक्का येतो, हे आपल्या गुरुकुलांपासून चालत आलेले शहाणपण आहे, आणि वरच्या वर्गातील मुलाने खालच्या वर्गाला शिकवण्याची आपल्या गावठी शाळांची जुनी पद्धत इंग्रजांनाही नवलाची वाटली होती. पहिल्या आक्षेपाला मात्र इतके सोपे उत्तर नाही. गुण मिळतात म्हणून मुले येतील, हे खरे. पण शेजारच्या अम्मूम्माने (केरळात आजीला असेही म्हणतात) पहिला निरोप स्वतः धाडल्यावर गुणांची आठवण राहत असेल का, हे त्या मुलांनाच विचारावे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांना यांत एक आगळा लाभ आहे, त्याकडे लक्ष वेधावेसे वाटते. इंदूर, बडोदे, हैदराबाद, बंगळूर येथील मराठी घरांत आजी-आजोबा देवनागरी वाचतात, मराठीतच विचार करतात. नातवंडे शाळेत हिंदी, गुजराती, तेलुगू, कन्नड वा इंग्रजी शिकतात. मराठी बोलतात, पण वाचायचे म्हटले की अडखळतात. आता आजीचा मोबाईल मराठीत करून द्या. भाषा बदलण्याची सोय बहुतेक मोबाईलमध्ये असते. मग नातीला आजीला शिकवण्यासाठी ते मराठी शब्द आधी स्वतः वाचावे लागतील. ‘सेटिंग्ज’च्या जागी ‘सेटिंग्ज’च दिसेल म्हणा, पण आजीने बोललेले वाक्य पडद्यावर देवनागरीत उमटते तेव्हा त्यातली ऱ्हस्वदीर्घाची चूक आजीच दाखवील, आणि कोण कोणाला शिकवते आहे हे सांगणे कठीण होईल. भाषा टिकवण्यासाठी भरवलेल्या संमेलनांपेक्षा हा मार्ग पुष्कळ स्वस्त आहे.

आपल्या मुलांच्या शाळेत असे मंडळ नसेल, तर पालकसभेत मुख्याध्यापकांपुढे विषय काढून पाहावा. सरकारी योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. शनिवारचा एक तास, एक वर्गखोली, दहा-बारा मुले आणि एक समंजस शिक्षिका एवढे भांडवल पुरते. आरंभ आयांपासून करावा, कारण त्या येतात. वडीलमंडळी मात्र ‘मला येते’ म्हणून फिरकत नाहीत आणि नंतर बायकोला हळूच विचारतात, असा अनुभव सर्वत्र ऐकायला मिळतो. सुरुवात शाळेच्या शिपायांपासून आणि पोषण आहार शिजवणाऱ्या बायकांपासून केली तर अधिकच उत्तम. त्यांची मजुरी बँकेत जमा होते, ती जमा झाली की नाही हे पाहण्यासाठी त्यांना दुसऱ्याच्या दारी जावे लागते.

पहिल्या वर्गासाठी काम हवे असेल तर एक सुचवतो. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. केंद्राच्या निवृत्तांपैकी ज्यांनी ऐंशी वर्षे पुरी केली आहेत, त्यांना तो ऑक्टोबरपासूनच देता येतो. या दाखल्यासाठी म्हातारी माणसे बँकेच्या पायऱ्या चढताना आपण पाहतो. ‘जीवन प्रमाण’ ही सोय केंद्र सरकारने २०१४ च्या नोव्हेंबरात सुरू केली, आणि २०२१ पासून मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरून घरबसल्या दाखला देता येतो. त्यासाठी दोन ॲप उतरवून घ्यावी लागतात. आधार क्रमांक आणि निवृत्तिवेतनाच्या आदेशाचा क्रमांक हाताशी लागतो, आणि खोलीत पुरेसा उजेड. आजोबांना खिडकीकडे तोंड करून बसवावे, चष्मा काढायला सांगावा, पापणी लववायची खूण झाली की ‘आता’ म्हणावे. दोनतीन वेळा फसेल. दिवाळीच्या सुटीत हे काम शिकून घेतले तर नोव्हेंबरात आळीतल्या चार घरी नातवंडांना बोलावणे येईल, आणि तेथे चहाबरोबर फराळाचे ताटही पुढे येईल.